वाहाकाच्या ५७० पालिका : मेक्सिकोतील गावकारभाराची घडण

मेक्सिकोच्या दक्षिणेकडे वाहाका नावाचे डोंगराळ राज्य आहे. त्याच्या मिश्तेका या भागात सांता माग्दालेना हिकोत्लान नावाचे एक गाव आहे. २०२० च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या शंभराच्या आतच भरली. तरीही या गावाला स्वतःचा अध्यक्ष आहे, स्वतःचे कार्यकारी मंडळ आहे, आणि देशाच्या राज्यघटनेने त्याला जो दर्जा दिला आहे तोच उत्तर सीमेवरील १९ लाखांहून अधिक वस्तीच्या तिहुआना या महानगरालाही दिला आहे. दोन्ही ठिकाणांना स्पॅनिशमध्ये 'मुनिसिपियो' म्हणतात. मेक्सिकोतील स्थानिक कारभार समजून घ्यायचा असेल, तर या एका शब्दाच्या पोटात इतक्या निरनिराळ्या वस्त्या कशा मावल्या, येथूनच सुरुवात करावी लागते. आणि त्यासाठी वाहाकाइतके बोलके राज्य दुसरे नाही. साऱ्या मेक्सिकोत मिळून अडीच हजारांच्या आसपास मुनिसिपियो आहेत, त्यांपैकी ५७० एकट्या वाहाकात आहेत. उलट दक्षिण बाहा कॅलिफोर्निया या लांबलचक राज्याचे काम अवघ्या ५ मुनिसिपियोंवर भागते.

मराठी वाचकाने येथे एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. 'नगरपालिका' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शहर येते आणि खेड्यासाठी ग्रामपंचायत ही वेगळी संस्था असते. मेक्सिकोत असा भेद नाही. तेथील ३१ राज्यांपैकी प्रत्येक राज्याचा सगळा भूभाग, डोंगर, जंगल, शेती आणि शहर यांसह, मुनिसिपियोंमध्ये वाटलेला असतो. फक्त राजधानी मेक्सिको शहराची रचना वेगळी असून ते १६ विभागांत विभागलेले आहे. मुनिसिपियोच्या मुख्य गावाला 'काबेसेरा' म्हणतात आणि कारभाराची कचेरी तेथे असते. आसपासच्या वाड्यावस्त्या त्याच मुनिसिपियोत मोडतात; वाहाकात त्यांना 'आहेन्सिया' म्हणतात आणि त्यांचा स्वतःचा एक प्रतिनिधी असतो. मुनिसिपियो आणि राज्य सरकार यांच्यामध्ये मात्र तालुका पंचायत किंवा जिल्हा परिषद यांसारखी एकही निर्वाचित पायरी नाही. वाहाकात ३० जिल्हे आणि ८ प्रदेश आहेत, परंतु ते न्यायालये, करवसुली आणि नियोजन यांच्या सोयीपुरते. त्यांना स्वतःचे सरकार नाही.

मधली पायरी नसणे हा योगायोग नाही. घटनेच्या ११५ व्या कलमात ती स्पष्टपणे नाकारलेली आहे आणि त्यामागे कडवट अनुभव आहे. वाहाकाचेच पुत्र असलेले पोर्फिरियो दियास यांची सत्ता १८७६ पासून १९११ पर्यंत, मधला थोडा काळ सोडता, अखंड चालली. त्या काळात गावांच्या डोक्यावर 'हेफे पोलितिको' नावाचा अधिकारी बसवलेला असे. तो वरून नेमला जाई, निवडणुका आपल्या सोयीने घडवून आणी, गावातील तरुणांना सक्तीने सैन्यात पाठवी, आणि कोणाची तक्रार ऐकायची व कोणाची दडपायची हेही तोच ठरवी. १९१० मध्ये सुरू झालेल्या मेक्सिकन क्रांतीच्या वर्षांत 'स्वतंत्र मुनिसिपियो' ही घोषणा एवढ्या जोराने का उठली, हे यावरून कळते. क्रांतीतील एक नेते वेनुस्तियानो कारान्सा यांनी डिसेंबर १९१४ मध्ये तसा हुकूम काढला आणि ५ फेब्रुवारी १९१७ रोजी केरेतारो येथे जाहीर झालेल्या राज्यघटनेत स्वतंत्र मुनिसिपियो हा राज्याच्या प्रादेशिक विभागणीचा आणि राजकीय रचनेचा पाया ठरवला गेला. तेथील घटना परिषदेत सर्वाधिक खल झालेल्या प्रश्नांपैकी एक होता पैशाचा. गावाला स्वातंत्र्य द्यायचे, पण त्याची तिजोरी कोणाच्या हाती ठेवायची? अखेर गावाने किती आणि कोणते कर घ्यायचे हे राज्याच्या विधिमंडळाने ठरवावे, असा तोडगा निघाला. माझ्या मते पुढच्या शंभर वर्षांतील बहुतेक अडचणींचे मूळ या एका तोडग्यात आहे.

मुनिसिपियोचा कारभार पाहणाऱ्या निर्वाचित मंडळाला 'आयुंतामियेन्तो' म्हणतात. त्यात तीन प्रकारची पदे असतात. 'प्रेसिदेन्ते मुनिसिपाल' म्हणजे अध्यक्ष हा कार्यकारी प्रमुख असतो. 'सिंदिको' हा मुनिसिपियोचा कायदेशीर प्रतिनिधी असतो. कोर्टात गावाच्या वतीने तोच उभा राहतो आणि गावाच्या मालमत्तेवर व हिशेबावर लक्ष ठेवतो. 'रेहिदोर' हे सदस्य असतात, आणि प्रत्येकाकडे वित्त, बांधकामे, शिक्षण, आरोग्य असे एखादे खाते सोपवलेले असते. हे सर्व जण एकत्र बसून निर्णय घेतात त्या बैठकीला 'काबिल्दो' म्हणतात. सर्वसाधारण पद्धतीत राजकीय पक्ष उमेदवारांची एक संपूर्ण यादी उभी करतात. जिंकणाऱ्या यादीला बहुमत मिळते आणि उरलेल्या काही जागा मतांच्या प्रमाणात इतर पक्षांना दिल्या जातात. त्यामुळे मतदार आपल्या वॉर्डाचा नगरसेवक निवडत नाही, तर सबंध मंडळच एका मताने निवडतो. येथे शब्दांचा एक घोटाळा सांगून ठेवायला हवा. स्पॅनिश भाषेत इतरत्र 'आल्काल्दे' म्हणजे नगराध्यक्ष. पण वाहाकाच्या अनेक आदिवासी गावांत आल्काल्दे म्हणजे किरकोळ तंटे मिटवणारा गावपातळीवरचा न्यायाधीश. अध्यक्ष वेगळा आणि आल्काल्दे वेगळा, हे माहीत नसेल तर तेथील कोणताही वृत्तांत वाचताना गोंधळ उडतो.

कामांची यादी घटनेतच दिलेली आहे आणि ती १९८३ च्या मोठ्या दुरुस्तीने आली. पिण्याचे पाणी व सांडपाणी, रस्त्यावरचे दिवे, साफसफाई, बाजार, दफनभूमी, कत्तलखाने, रस्ते व बागा, गावपातळीवरचे पोलीस आणि वाहतूक ही कामे मुनिसिपियोची ठरली. त्याच दुरुस्तीने जमीन व घरांवरील मालमत्ता कर मुनिसिपियोंच्या हाती दिला. १९९९ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले : मुनिसिपियो हा केवळ राज्याच्या कामाची अंमलबजावणी करणारा घटक नसून केंद्र आणि राज्य यांच्या जोडीचे तिसरे सरकार आहे, हे तिने मान्य केले. या कलमाचा आणखी एक पैलू मला फार मोलाचा वाटतो. मेक्सिकोतील स्त्रियांना देशपातळीवर मतदानाचा हक्क १९५३ मध्ये मिळाला, पण मुनिसिपियोच्या निवडणुकीत मत देण्याचा आणि उभे राहण्याचा हक्क त्यांना ११५ व्या कलमातील दुरुस्तीने १९४७ मध्येच मिळाला होता. म्हणजे देशातील स्त्रियांना मतपेटीची वाट गावाच्या दारातून मिळाली.

कागदावरचा हा अधिकार आणि हातात पडणारा पैसा यांत मात्र मोठे अंतर आहे. मालमत्ता कर मोठ्या शहरांना बऱ्यापैकी उत्पन्न देतो. दोन-तीनशे उंबऱ्यांच्या डोंगरी गावात, जेथे जमीन सामाईक आहे आणि घरांची पक्की नोंद नाही, तेथून येणारे उत्पन्न नगण्य असते. म्हणून बहुतेक मुनिसिपियो वरून येणाऱ्या निधीवर चालतात. हा निधी दोन वाटांनी येतो. पहिली वाट केंद्राने गोळा केलेल्या करांतील वाट्याची. राज्याला मिळालेल्या सर्वसाधारण वाट्यापैकी किमान २० टक्के रक्कम मुनिसिपियोंपर्यंत पोहोचवणे राज्यावर बंधनकारक आहे. दुसरी वाट १९९८ पासून सुरू झालेली, अंदाजपत्रकातील ३३ व्या शीर्षाखाली येणारी. तिचा मोठा भाग गरिबीच्या निकषावर वाटला जातो, पण तो पाणी, गटारे, वीज, मूलभूत रस्ते अशा ठरलेल्या कामांवरच खर्च करावा लागतो. शिवाय मुनिसिपियो वर्षभरात कोणते कर आणि शुल्क घेणार, याचा कायदा राज्याचे विधिमंडळ मंजूर करते. खर्चाचे अंदाजपत्रक आयुंतामियेन्तो स्वतः ठरवू शकते. हिशेब तपासणारी यंत्रणा मात्र पुन्हा राज्याचीच असते.

राज्याच्या हातात याहूनही मोठे एक शस्त्र आहे. विधिमंडळ दोन-तृतीयांश बहुमताने एखादे आयुंतामियेन्तो निलंबित करू शकते, ते अस्तित्वातच नसल्याचे जाहीर करू शकते किंवा एखाद्या सदस्याचे पद काढून घेऊ शकते. १९८३ च्या दुरुस्तीने यासाठी गंभीर कारण असणे आणि संबंधितांना बाजू मांडण्याची संधी देणे आवश्यक ठरवले. त्याच वर्षी वाहाकातच या तरतुदीची कसोटी लागली. तेहुआंतेपेकच्या संयोगभूमीवरील हुचितान या सापोतेक आदिवासींच्या शहरात १९८१ मध्ये कामगार, शेतकरी आणि विद्यार्थी यांची 'कोसेई' ही आघाडी कम्युनिस्ट पक्षाशी युती करून निवडून आली होती. एकपक्षीय वर्चस्वाच्या त्या काळात डाव्यांच्या ताब्यातील या शहराकडे साऱ्या देशाचे लक्ष लागले होते. ऑगस्ट १९८३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने हे आयुंतामियेन्तो बरखास्त केले. गावाचे मंडळ गावाने निवडायचे, पण ते टिकेल की नाही हे राजधानीतून ठरायचे, हा पेच हुचितानने जितका स्पष्ट दाखवला तितका दुसऱ्या कोणत्याही घटनेने दाखवला नाही.

आता पुन्हा त्या ५७० या आकड्याकडे येऊ. एवढ्या लहानलहान तुकड्यांत राज्य वाटले जाणे ही प्रशासनाची गैरसोय आहे, असे म्हणणारे अनेक आहेत, आणि हिशेब तपासणाऱ्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. पण हा आकडा कोणा अधिकाऱ्याच्या चुकीतून आलेला नाही. स्पॅनिश राजवटीत येथील प्रत्येक महत्त्वाच्या गावाला 'रेपुब्लिका दे इंदिओस', म्हणजे आदिवासींचे प्रजासत्ताक, म्हणून स्वतःचे मंडळ, स्वतःची जमीन आणि स्वतःचा ग्रामदैवतासमान संत असे. स्वातंत्र्यानंतर १८२५ मध्ये वाहाका राज्याने आपली पहिली घटना केली, तेव्हा मोठ्या गावांना आयुंतामियेन्तो मिळाले, पण लहान गावांची 'रेपुब्लिका' ही ओळखही कायम ठेवली गेली. इतर राज्यांत लहान गावे शेजारच्या मोठ्या गावांच्या पोटात गेली. वाहाकात ती आपल्या नावानिशी टिकली. गावांची नावे ऐकली तरी हा इतिहास कळतो : आधी संताचे नाव, मागून नाहुआत्ल किंवा सापोतेक या आदिवासी भाषांतील नाव, जसे सांता मारिया त्लाविटोल्तेपेक किंवा सान हुआन गेलाविआ. शेजारच्या गावाच्या हाताखाली जायचे नाही, हा शतकांचा हट्ट त्या आकड्यात साठलेला आहे आणि मला तो आदरास पात्र वाटतो.

या हट्टामुळेच कारभाराची दुसरी एक रीत जिवंत राहिली. ५७० पैकी ४१७ मुनिसिपियोंत राजकीय पक्ष निवडणूक लढवतच नाहीत. तेथे गावाची सभा आपल्या परंपरेप्रमाणे पदाधिकारी निवडते. लोक या रीतीला 'उसोस इ कोस्तुंब्रेस', म्हणजे रूढी आणि चालीरीती, म्हणत आले. आता कायद्यात तिला 'आदिवासींची स्वतःची नियमव्यवस्था' असे म्हणतात, आणि हे नाव अधिक योग्य आहे, कारण तेथे नियम आहेत आणि ते कडक आहेत. पूर्वी ही गावे आपापल्या सभेत निवड करत आणि मग सत्ताधारी पक्षाच्या रंगाखाली तीच नावे नोंदवून घेत. दोन्ही बाजूंना ते सोयीचे होते. १९९४ मध्ये शेजारच्या चियापास राज्यात सापातिस्ता या बहुतांशी आदिवासी बंडखोरांचा उठाव झाला आणि आदिवासींच्या हक्कांचा प्रश्न देशाच्या मध्यभागी आला. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, वाहाकाच्या विधिमंडळाने निवडणूक कायदा बदलून सभेत होणाऱ्या निवडीला थेट मान्यता दिली. १९९८ मध्ये आदिवासी हक्कांचा राज्य कायदा आला आणि २००१ मध्ये देशाच्या घटनेच्या दुसऱ्या कलमाने स्वनिर्णयाचा हक्क मान्य केला. उरलेल्या १५३ मुनिसिपियोंत, ज्यांत राजधानी, हुचितान, तुश्तेपेक अशी मोठी शहरे येतात, पक्षांची पद्धत चालते.

सभेतील निवड सगळीकडे सारखी नसते. कोठे हात वर करून मत देतात, कोठे फळ्यावर उमेदवारांची नावे लिहितात आणि प्रत्येक जण उठून आपल्या पसंतीच्या नावाखाली खडूने रेघ ओढतो, कोठे तीन-तीन नावे सुचवून त्यांतून एक निवडतात. मुदतही एक वर्षापासून तीन वर्षांपर्यंत वेगवेगळी असते. पण एक सूत्र समान आहे : पद मागायचे नसते. पद हे ओझे मानले जाते आणि त्यालाच 'कार्गो' म्हणतात. तरुण वयात 'तोपिल' म्हणून सुरुवात होते. तोपिल निरोप पोहोचवतो, रात्री गस्त घालतो, सभेच्या वेळी शिस्त राखतो. पुढे वर्षानुवर्षे, मधे विश्रांती घेत, तो शाळेच्या समितीत, पाण्याच्या समितीत, संताच्या उत्सवाच्या जबाबदारीत, मग रेहिदोर, सिंदिको अशा पायऱ्या चढतो, आणि ज्याने हे सर्व नीट पार पाडले त्याचेच नाव अध्यक्षपदासाठी घेतले जाते. अनेक गावांत या सेवेला पगार नसे आणि काही ठिकाणी आजही नाही. अध्यक्षाच्या हाती देतात ती काठी या सेवेची खूण असते. तिच्या जोडीला 'तेकिओ' असतो, म्हणजे रस्ता, शाळा, पाणवाट यांसाठी सर्व घरांनी विनामोबदला केलेले श्रमदान. वाहाकाच्या राज्यघटनेनेही तेकिओला मान्यता दिली आहे. सिएर्रा नोर्ते या डोंगराळ प्रदेशातील विचारवंतांनी, त्यांत मिहे समाजाचे फ्लोरिबेर्तो दियास आणि सापोतेक समाजाचे हाइमे लुना यांची नावे ठळक आहेत, या सगळ्या जगण्याला 'कोमुनालिदाद' असे नाव दिले : जमीन, सभा, सेवा, श्रम आणि उत्सव यांनी बांधलेले सामूहिक जीवन.

या रीतीवर स्थलांतराचा मोठा ताण आहे. वाहाकाच्या अनेक गावांतील तरुण लॉस एंजेलिस किंवा कॅलिफोर्नियाच्या शेतांवर कामाला आहेत. सभेने नाव घेतले की काहींना वर्षभर परत यावे लागते, काही आपल्या जागी दुसऱ्याला पैसे देऊन सेवा करायला लावतात, आणि नकार दिल्यास गावातील हक्क गमावण्याची भीती असते. गावाशी नाते टिकवणारी हीच गोष्ट गरीब कुटुंबासाठी फार महाग पडते.

दुसरा प्रश्न स्त्रियांचा, आणि तेथे परंपरेचे कौतुक करणाऱ्याने थांबून विचार करायला हवा. २००७ मध्ये सांता मारिया कियेगोलानी या सापोतेक गावात एउफ्रोसिना क्रूस यांच्या नावाने पडलेली मते त्या स्त्री आहेत म्हणून मोजली गेली नाहीत. त्यांनी हा प्रश्न राज्यभर नेला आणि २०१० मध्ये त्या वाहाकाच्या विधिमंडळाच्या अध्यक्ष झाल्या. २०१५ मध्ये देशाच्या घटनेच्या दुसऱ्या कलमात आदिवासी स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत देण्याचा आणि पद भूषवण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला गेला. सभेत झालेली प्रत्येक निवड राज्याच्या निवडणूक संस्थेकडे वैधता तपासण्यासाठी जाते, आणि स्त्रियांना वगळले असेल तर निवड रद्द होऊ शकते. त्यामुळे आज मंडळांत स्त्रिया दिसतात. तरीही कार्गोची शिडी पुरुषांच्या वेळापत्रकावर बेतलेली आहे, आणि घरकाम, मुले व शेत सांभाळून गावासाठी खपलेल्या बाईची ती वर्षे सेवेच्या हिशेबात धरायची की नाही, यावर अनेक सभांत अजून वाद होतात.

तिसरा प्रश्न काबेसेरा आणि आहेन्सिया यांचा आहे आणि तो सर्वांत अवघड आहे. घटना ओळखते ती मुनिसिपियोला. निधी येतो तो मुनिसिपियोच्या खात्यात, म्हणजे मुख्य गावात. आहेन्सिया मात्र बहुधा स्वतःची सभा, स्वतःचे कार्गो आणि स्वतःचा संत असलेले वेगळे गाव असते. काबेसेराचे लोक म्हणतात, अध्यक्ष आमच्या सभेचा, कारण सेवा आम्ही केली. आहेन्सियाचे लोक म्हणतात, पैसा आमच्या डोक्यांवर मोजून येतो, मग मतही आम्हाला द्या. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. प्रकरणे निवडणूक न्यायाधिकरणापर्यंत जातात, निवडी रद्द होतात आणि नवी निवड होईपर्यंत राज्याने पाठवलेला प्रशासक कारभार पाहतो. म्हणजे दोन गावांच्या भांडणात वरचा अधिकारी पुन्हा गावात येतो. त्यात भर म्हणजे जमिनीचा अधिकार मुनिसिपियोकडे नाही. वाहाकातील बहुतांश जमीन सामाईक किंवा एहिदो (क्रांतीनंतर सरकारने शेतकऱ्यांना समूहाने दिलेली जमीन) पद्धतीची असून तिचा कारभार केंद्राच्या कृषी कायद्याखालील वेगळी सभा आणि वेगळे 'कोमिसारियादो', म्हणजे जमिनीचे मंडळ, पाहते. त्यांच्या सीमा मुनिसिपियोच्या सीमांशी जुळतीलच असे नाही, आणि शेजारच्या गावांमधील जमिनीचे जुने तंटे याच फटीतून पेटतात.

अलीकडे दोन बदल झाले आहेत. पुन्हा त्याच पदावर लगोलग निवडून येण्याला क्रांतीनंतरच्या राजकारणात बंदी होती; २०१४ मध्ये ती अध्यक्ष आणि सदस्यांसाठी एका जादा कालावधीपुरती सैल करण्यात आली, आणि २०२५ च्या दुरुस्तीने २०३० पासून ती पुन्हा लागू होणार आहे. पक्षांच्या मुनिसिपियोंत हा मोठा बदल आहे. जेथे पद ओझे मानतात आणि वर्षभरानंतर आनंदाने उतरवून ठेवतात, तेथे त्याने फारसे काही बिघडत नाही. दुसरा बदल अधिक खोल आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरे कलम पुन्हा बदलले गेले आणि आदिवासी व आफ्रिकी-मेक्सिकन समुदायांना सार्वजनिक कायद्यात स्वतःचे व्यक्तित्व आणि स्वतःची मालमत्ता असल्याचे मान्य झाले. त्याच्या आधारावर २०२५ पासून पायाभूत सामाजिक कामांसाठीच्या केंद्रीय निधीचा सुमारे दहावा भाग मुनिसिपियोला वळसा घालून थेट समुदायांच्या हाती दिला जाऊ लागला. आता आहेन्सियाची सभा काम स्वतः ठरवते आणि पैशासाठी समिती नेमते. त्या समितीची खजिनदार स्त्रीच असावी, असा नियम आहे.